पत्र्यांतून कापलेलें अक्षर

नाशिक शहरांत व त्याच्या आसपास एक दिवस हिंडलें, तर अक्षर निर्माण करण्याच्या तीन निरनिराळ्या रीती दृष्टीस पडतात. शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या पांडवलेण्यांत अक्षरें दगडांत खोदलेलीं आहेत. तेथील तिसऱ्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षांत कोरला गेला, म्हणजे त्यास सुमारें अठराशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. जुन्या छापखान्यांतील अक्षर याच्या अगदीं उलट. तें शिशाच्या खिळ्याच्या माथ्यावर उठावानें उभें असे. तिसरा प्रकार रेल्वेच्या मालधक्क्यावर, धान्याच्या गोणीवर, लष्करी पेटीवर दिसे व अद्यापहि कोठें कोठें दिसतो. तेथें अक्षर खोदलेलेंहि नसतें आणि उठावाचेंहि नसतें. पत्र्यांतून अक्षराच्या आकाराचा भाग कापून काढावयाचा, तो पत्रा गोणीवर धरावयाचा, आणि वरून रंगाचा कुंचला आपटावयाचा. पत्रा उचलला कीं अक्षर खालीं उमटलेलें असतें.

या तिघांपैकीं पहिल्या प्रकारास पुराणवस्तुसंशोधक लाभले, दुसऱ्यास मुद्रणाचे इतिहासकार लाभले. तिसऱ्यास मात्र हमाल, मुकादम आणि मालधक्क्यावरील कारकून यांपलीकडे वाचक मिळाला नाहीं. त्यामुळें त्याचा इतिहास आपल्याकडे कोणीं फारसा सांगितलेला नाहीं. तो सांगण्यासारखा आहे, कारण या ओबडधोबड अक्षरानें देवनागरी लिपीपुढें एक प्रश्न उभा केला आहे, आणि तो प्रश्न केवळ गोणीपुरता नाहीं. दुकानाची पाटी, पुस्तकाचें वेष्टन, चित्रपटाची जाहिरात, आणि आतां संगणकावरील मथळ्यांचे जाड टाईप या सर्वांना तो लागू आहे.

प्रथम या अक्षराची अडचण काय असते तें पाहूं. पत्र्याचा छापा आपल्या घराला परका नाहीं. दारापुढें गोपद्में किंवा कमळें झरझर उमटविणारा रांगोळीचा छापा हें त्याचेंच भावंड. परंतु रांगोळीच्या छाप्याला केवळ भोंकें असतात. अक्षराला भोंकांबरोबर पोकळ्याहि असतात, आणि अडचण तेथेंच आहे. इंग्रजी ‘ओ’ हें अक्षर पत्र्यांतून कापावयास घेतलें, तर बाहेरील वर्तुळ कापून होतांच आंतली चकती निराधार होऊन खालीं पडते. मग कागदावर उमटतें तें वर्तुळ नव्हे, तर भरींव ठिपका. ही चकती, हें पत्र्यांतलें बेट, जागेवर ठेवावयाचें असेल तर बाहेरील पत्र्याशीं त्याला जोडणारी एखाददुसरी पट्टी न कापतां सोडली पाहिजे. कारागीर या पट्टीला पूल म्हणोत कीं आणखी कांहीं म्हणोत. तिच्यावांचून छापा टिकत नाहीं, आणि ती असली म्हणजे अक्षर त्या ठिकाणीं तुटलेलें उमटतें. तेव्हां या अक्षराचें तुटकेपण ही कारागिराची हौस नसून पत्र्यानें घातलेली अट आहे.

ही अट पाळून पाश्चात्य देशांत पुष्कळ काम झालें. सहाव्या शतकांतील बायझंटाईन सम्राट जस्टिन याला लिहितां येत नव्हतें, म्हणून लाकडाच्या पट्टींत चार अक्षरें कोरून दिलीं होतीं व तींतून लेखणी फिरवून त्याच्याकडून राजाज्ञेवर सही करून घेत, असें प्रोकोपियस या त्याच्याच शतकांतील इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. पुढें सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें चर्चमधील गायकवृंदासाठीं लागणाऱ्या प्रचंड आकाराच्या स्तोत्रग्रंथांचीं पानेंच्या पानें पत्र्याच्या छाप्यांनीं तयार होत. दुरून अनेकांना एकदम वाचतां येईल एवढें मोठें अक्षर त्या काळच्या छापखान्याला परवडण्याजोगें नव्हतें. अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसमध्यें असलेले बेंजामिन फ्रँक्लिन हे स्वतः मुद्रक. त्यांनींहि १७८१ मध्यें तेथील बेरी नांवाच्या कारागिराकडून असा अक्षरसंच विकत घेतला, आणि तो आजपर्यंत जतन करून ठेवलेला आहे. म्हणजे ज्याला आपण हमालाचें अक्षर समजतों त्याचें कूळ बरेंच थोर आहे.

एकोणिसाव्या शतकांत रेल्वे, आगबोटी आणि खडे लष्कर यांचा विस्तार झाला, आणि हें अक्षर ग्रंथांतून उठून पेट्यांवर जाऊन बसलें. एकच नांव हजार पेट्यांवर, एकाच आकारांत, लिहितां न येणाऱ्या माणसाच्या हातून उमटवावयाचें असेल तर पत्र्यासारखें दुसरें साधन नाहीं. विसाव्या शतकांत मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. जी तूट केवळ नाइलाजानें ठेवलेली होती तिलाच कलावंत सौंदर्य मानूं लागले. जर्मनींतील बौहाऊस या कलाशाळेंत जोसेफ आल्बर्स यांनीं १९२६ च्या सुमारास चौकोन व पाव वर्तुळ अशा थोड्या आकृतींतून तुटक अक्षरमाला रचली. पॉल रेनर यांचा ‘फ्युच्युरा ब्लॅक’ हा जाड टाईप १९२९ मध्यें निघाला. १९३७ च्या जून-जुलै महिन्यांत तर अमेरिकेंतील दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांनीं लागोपाठ ‘स्टेन्सिल’ याच नांवाचे दोन टाईप बाजारांत आणले. एक लडलो कंपनीसाठीं रॉबर्ट हंटर मिडलटन यांनीं काढलेला, आणि दुसरा अमेरिकन टाईप फाउंडर्ससाठीं गेरी पॉवेल यांनीं काढलेला. हे टाईप शिशांत ओतलेले होते, पत्र्यांतून कापलेले नव्हते; त्यांना पुलाची कांहींहि गरज नव्हती. तरी त्यांत पूल ठेवले होते, कारण वाचणाऱ्याच्या मनांत त्या तुटीबरोबर बंदर, पेटी, फौज, दूरचा प्रवास हीं सारीं चित्रें उभीं राहत.

नाशिक जिल्ह्याला या अक्षराचा परिचय करून दिला तो रेल्वे आणि लष्कर यांनीं. थळ घाटांतील रेल्वेमार्ग १८६५ मध्यें खुला झाला, आणि मुंबई बंदराशीं नाशिकचा संबंध अखंड जोडला गेला. त्याच सुमारास देवळालीस गोऱ्या सैन्याचा तळ वसला. मुदत संपलेले शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पहात तेथें महिनोन्महिने पडून राहत; त्या कंटाळवाण्या मुक्कामांत कित्येकांचें डोकें फिरे, म्हणून देवळालीच्या नांवाचा अपभ्रंश इंग्रजी भाषेंत ‘वेडसर’ या अर्थानें रूढ झाला आहे. अशा ये-जा करणाऱ्या फौजेच्या पेट्यांवरील नांवें, नंबर आणि पलटणीच्या खुणा उमटविण्याचें काम पत्र्याच्या छाप्याचेंच. पुढें १९२५ मध्यें नाशिक रोड येथें सरकारचा सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, आणि पूर्वीं लंडनहून छापून येणारीं टपालाचीं तिकिटें तेथें छापलीं जाऊं लागलीं. एकाच गांवांत बोटाच्या पेरावर मावणारें अत्यंत नाजूक अक्षर आणि वाघिणीच्या अंगावरील वीतभर उंचीचें अत्यंत राकट अक्षर अशीं दोन टोकें शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं.

हीं राकट अक्षरें बहुतांशीं रोमन होतीं. परंतु बाजारांतील व्यापाऱ्याचा मार्का मराठींत असे, आणि मराठी नांव पत्र्यांतून कापावयाची वेळ आली कीं कारागिरापुढें रोमन अक्षरांत कधीं न येणारा पेंच उभा राही. तो पेंच काय होता हें समजून घेण्यासाठीं वाचकांनीं एक जुनें पोस्टकार्ड व धारदार चाकू घेऊन ‘म’ हें अक्षर कापून पहावें. वर शिरोरेघ, डावीकडे उभी रेघ, खालीं गांठ व तिच्यापासून निघालेली आडवी रेघ, उजवीकडे काना; या चार बाजूंनीं मधली जागा बंद झालेली आहे. ती पडूं द्यावयाची नसेल तर कोठें तरी पूल ठेवला पाहिजे. सर्वांत लांब व सर्वांत सोपी रेघ म्हणजे शिरोरेघ. म्हणून चाकू आपोआप तिच्याकडे वळतो, आणि शिरोरेघेच्या मध्यावर एक लहानशी फट सोडून आपण मोकळे होतों. कार्डावरून रंग फिरवून पाहिला म्हणजे चूक लक्षांत येते. उमटलेलें अक्षर ‘म’ राहिलेलें नसतें. तें ‘भ’ च्या अगदीं जवळ जाऊन पोंचलेलें असतें.

हीच गत ‘घ’ ची. त्याची शिरोरेघ मध्यें तोडली कीं तो ‘ध’ दिसूं लागतो. ‘य’ ची तोडली कीं तो ‘थ’ कडे झुकतो. ‘ठ’ च्या वर्तुळाला उजव्या बाजूस फट ठेवली कीं त्याचा ‘ट’ होतो. इंग्रजी अक्षरांत फटीला अर्थ नसतो असें अगदीं नाहीं. ‘ओ’ ला उजवीकडे फट पडली तर ‘सी’ होतो. परंतु तेथें असे प्रसंग तुरळक. आपल्या लिपींत ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘य’ आणि ‘थ’ या तीन जोड्यांतील भेद मुख्यतः शिरोरेघ अखंड आहे कीं खंडित आहे यावर उभा आहे. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या माथ्यावरची रिकामी जागा ही रिकामी नाहीं, ती बोलते. नेमक्या त्याच जागेला आणखी एक रिकामी जागा जोडली तर ‘घर’ चें ‘धर’ होतें, पेटीवरचा ‘मार’ ‘भार’ होतो. आणि ही खूण दोन्ही अक्षरांत सारखीच वापरली म्हणजे उलटाहि घोंटाळा होऊन तांदळाच्या गोणीवरील ‘भात’ वाचणारास ‘मात’ वाटूं शकतो.

या ठिकाणीं कोणी म्हणेल, शिरोरेघ हीच सारी अडचण असेल तर ती काढूनच टाकावी. गुजराती लिपीनें ती टाकली, आणि तिचें कांहीं अडलें नाहीं. आपल्या पांडवलेण्यांतील ब्राह्मी अक्षरांनाहि ती नव्हती. हा विचार दिसतो तितका पोरकट नाहीं. ब्राह्मींतील प्रत्येक अक्षर आपल्या पायांवर एकटें उभें आहे. तेथील ‘ठ’ म्हणजे निव्वळ वर्तुळ, ‘थ’ म्हणजे मध्यें ठिपका असलेलें वर्तुळ, आणि ‘ब’ म्हणजे चौकोन. पत्र्यांतून कापावयास घेतलीं तर अशा बंद अक्षरांना पूल लागतील. बाकीचीं बहुतेक निर्वेध उमटतील. परंतु गुजरातीनें शिरोरेघ टाकली तेव्हां अक्षरांचीं वळणेंहि त्या हिशेबानें पालटलीं. देवनागरीचीं वळणें शिरोरेघ गृहीत धरून घडलेलीं आहेत. मोडी लिहिणारा कारकून तर कागदावर आधीं शिरोरेघ ओढून घेई व मग तिला अक्षरें टांगी. त्याच्या हिशेबीं ती अक्षराचा अलंकार नसून दांडी होती. दांडी काढून घेतल्यावर कपडे तसेच लोंबत राहतील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

बरें, देवनागरी अक्षर आजवर कधीं तुटलेंच नव्हतें असेंहि नाहीं. नाशिकच्या भांडीबाजारांत तांब्यापितळेच्या भांड्यावर नांव घालून घेण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्या अक्षरांत एकहि रेघ सलग नसते. कारागीर बारीक टोकाचा खिळा ठेवून हातोडीनें एकामागून एक ठिपके मारतो, आणि त्या ठिपक्यांच्या रांगेंतून आजीचें नांव, गांव आणि लग्नाची तिथि उमटते. आपली दृष्टि दोन ठिपक्यांमधील अंतर सहज ओलांडून जाते. रांगोळीच्या ठिपक्यांचा तिला सरावच आहे. पण या तुटींत आणि पत्र्याच्या तुटींत एक महत्त्वाचा फरक आहे. ठिपक्याठिपक्यांतील अंतर सर्वत्र सारखें असतें, म्हणून तें अक्षराच्या अर्थांत ढवळाढवळ करीत नाहीं. पूल मात्र एकाच जागीं येतो, आणि जेथें येतो तेथें तो लक्ष वेधून घेतो. तूट सगळीकडे असली तर डोळा तिला विसरतो. एकाच ठिकाणीं असली तर तिचा अर्थ लावूं पाहतो.

मराठी मुद्रणाच्या आरंभींहि तांबटाचा हात होता हें येथें सांगितलें पाहिजे. पुण्याच्या दरबारांतील इंग्रज वकील चार्लस मॅलेट यांच्या प्रोत्साहनानें एका तांबट कारागिरानें तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरें खोदण्याची कला हस्तगत केली. नाना फडणिसांना गीता छापून घ्यावयाची होती असें सांगतात. पेशवाईंतील उलथापालथींत तें काम पुण्यास पुरें झालें नाहीं, तें मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ मध्यें पार पडलें. त्या तांब्याच्या पत्र्यांत अक्षर खोदलेलें होतें, आरपार कापलेलें नव्हतें. म्हणून त्याला तोडण्याची गरज पडली नाहीं. गरज पडली ती शिशाच्या खिळ्यांत.

देवनागरींत व्यंजनें, स्वर, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें यांचे संयोग इतके आहेत कीं प्रत्येकासाठीं निराळा खिळा पाडावयाचा म्हटलें तर जुळाऱ्याच्या पेटींत शेंकडों घरें लागतात. मुंबईस अमेरिकन मिशन प्रेसमधील टॉमस ग्रॅहॅम यांनीं आणि पुढें निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांनीं या कामीं फार परिश्रम केले. जावजींनीं १८६४ मध्यें टाईप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा असामान्य पंच कापणारा मिळाला, आणि निर्णयसागरचें अक्षर हिंदुस्थानभर आदर्श मानलें गेलें. मुंबईकडे जी पद्धति रूढ झाली तींत अक्षराचे वरचा, मधला व खालचा असे भाग पाडून ते निरनिराळ्या खिळ्यांवर ओतीत व जुळारी ते एकावर एक बसवी. तिला डिग्री पद्धति म्हणत. मात्रेसह सबंध अक्षर एकाच खिळ्यावर ओतण्याची दुसरी पद्धति होती, तिला अखंड पद्धति म्हणत. डिग्री पद्धतींत खिळे झिजले म्हणजे दोन अक्षरांमधील शिरोरेघेंत बारीक फटी पडत, मात्रा व शिरोरेघ यांच्यामध्यें पांढरी रेघ दिसे. जुन्या पोथ्या व मासिकें चाळणाऱ्याला या फटी परिचित आहेत. आणि तरीहि त्या वाचनाच्या आड येत नाहींत, हेंहि त्याला ठाऊक आहे. त्या आड कां येत नाहींत? कारण त्या दोन अक्षरांच्या सांध्यावर पडतात, अक्षराच्या माथ्यावर पडत नाहींत. जेथें एक अक्षर संपून दुसरें सुरू होतें तेथें शिरोरेघ तुटली तर कोणाचाच अर्थ बदलत नाहीं.

छापखान्याच्या सोयीसाठीं लिपींत फेरफार करावे हा विचार पुढें जोरानें सुरू झाला, आणि त्यांत नाशिक जिल्ह्यांतील भगूर येथें १८८३ मध्यें जन्मलेले विनायक दामोदर सावरकर हे एक अग्रणी होते. १९२४ ते १९३७ या रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळांत त्यांनीं लिपिशुद्धीची चळवळ चालविली. ‘अ’ लाच काना, वेलांटी, उकार व मात्रा जोडून स्वर लिहावे, म्हणजे खिळ्यांची संख्या कमी होईल, ही त्यांतील ठळक सूचना. १९५३ मध्यें लखनौस भरलेल्या लिपिपरिषदेनें निराळ्या बाजूनें विचार केला. ‘ख’ हें अक्षर ‘र’ आणि ‘व’ असें वाचलें जाऊं नये म्हणून त्याचे दोन भाग खालीं जोडावे, आणि ‘ध’ व ‘भ’ हीं ‘घ’ व ‘म’ यांपासून स्पष्ट निराळीं दिसावींत म्हणून त्यांना माथ्याशीं गुंडी द्यावी, अशा तिच्या शिफारसी होत्या. या गुंडीवर मतभेद कितीहि होवोत. शिरोरेघेंतील एवढ्याशा फटीवर दोन अक्षरांचा भेद टांगून ठेवणें धोक्याचें आहे हें विद्वानांच्या परिषदेनेंहि मान्य केलें होतें. गोणीवर मार्का मारणाऱ्या कारागिराला तें चाकूच्या टोकाशीं कळलें होतें, एवढाच काय तो फरक.

मग पत्र्यांतून कापावयाच्या देवनागरी अक्षराला पूल द्यावा तरी कोठें? या प्रश्नाचें उत्तर बोरूनें लिहिणाऱ्या जुन्या लेखकाच्या हातांत आहे. बोरूनें ‘व’ काढतांना आधीं पोटाचें वळण काढतात, मग हात उचलून काना ओढतात, आणि शेवटीं शिरोरेघ देतात. जेथें हात उचलला जातो तेथें अक्षराचा नैसर्गिक सांधा असतो. पोट कान्याला जेथें खालच्या बाजूनें येऊन मिळतें त्या सांध्यावर पूल ठेवला, तर ‘व’, ‘प’, ‘य’, ‘घ’, ‘क’ यांपैकीं कोणाचीहि ओळख बिघडत नाहीं, कारण तेथील फटीला आपल्या लिपींत कांहीं अर्थ दिलेला नाहीं. ‘म’ ची आडवी रेघ कान्याला मिळते तेथें फट ठेवावी. शिरोरेघ अखंड राहिल्यामुळें त्याचा ‘भ’ होण्याची भीति उरत नाहीं. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटांतील तिरपी रेघ दोन्ही टोकांना किंचित् मोकळी ठेवावी, म्हणजे एका पूर्ण बेटाऐवजीं दोन बेटें होऊन ती जागा कमकुवत होण्याचें टळतें. ‘ठ’ ला पूल द्यावा तो तळाशीं. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचा काना उरलेल्या अक्षरापासून मुळांतच अलग आहे. कान्यापाशीं त्यांना वेगळी तोडमोड नको. अनुस्वाराचा ठिपका व मात्रा यांचीं तर स्वतंत्र भोंकें होतात, आणि छाप्याला त्याच सर्वांत सोप्या.

शिरोरेघेचा पेंचहि याच नियमानें सुटतो. सबंध शब्दावरून एकच लांब चीर कापली तर पत्रा तिच्यापाशीं लवतो आणि रंग खालीं पसरतो. म्हणून ती कोठें तरी तोडावीच लागते. ती अक्षराच्या माथ्यावर न तोडतां दोन अक्षरांच्या मध्यें तोडावी. म्हणजे झिजलेल्या खिळ्यांनीं वाचकाच्या डोळ्याला जी संवय लावली आहे तिचा फायदा मिळतो. थोडक्यांत, नियम एवढाच : जेथें लिपीनें फटीला अर्थ दिला आहे तेथें नवी फट पाडूं नये, आणि जेथें लिहिणाऱ्याचा हात उचलला जातो तेथें ती खुशाल पाडावी.

हा नियम आज कां सांगावा लागतो, असें कोणी विचारील. पत्र्याच्या छाप्याचा व्यवहार उतरणीस लागला आहे. द्राक्षांच्या पेट्यांवर आतां रंगीत छपाई असते. परंतु त्या अक्षराचें रूप मात्र मरण पावलेलें नाहीं, उलट तें फोफावलें आहे. ओझरच्या विमानाच्या कारखान्यासारख्या ठिकाणीं यंत्रांवरील सूचना, सिनेमांतील युद्धपटांचीं नांवें, तरुणांच्या सदऱ्यांवरील वाक्यें, उपाहारगृहांच्या पाट्या यांना तुटक जाड अक्षरांचा मोह पडतो. जाड अक्षराचें शास्त्र आपल्याकडे कच्चें आहे असें नव्हे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नांवें रेखाटून कमल शेडगे यांनीं दोन पिढ्यांना शब्दाचा स्वभाव अक्षरांत पहावयास शिकविलें. तें २०२० मध्यें निवर्तले. अलीकडे मुंबईच्या एक टाईप या संस्थेनें ‘मोदक’ नांवाचा टाईप केला, त्यांत अक्षरें इतकीं गुबगुबीत आहेत कीं पोकळ्यांच्या केवळ चिरा उरल्या आहेत. तरी प्रत्येक अक्षर ओळखूं येतें, कारण कोणती चीर राखावयाची याचा तेथें विचार झालेला आहे. तुटक अक्षरांच्या बाबतींत मात्र सोपा मार्ग घेण्याचा मोह अनावर असतो. रोमन टाईपावर जशी एक उभी पट्टी सर्व अक्षरांच्या मध्यांतून फिरवितात, तशीच ती देवनागरीवर फिरविली कीं काम झालें, अशी समजूत होते. ती पट्टी ‘भ’ आणि ‘म’ यांत भेद करीत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं वाचक संदर्भानें समजून घेतो. ‘घर’ कीं ‘धर’ हें वाक्यांत आपोआप कळतें. हें वाक्यापुरतें खरें आहे. परंतु मथळ्याचें अक्षर वाक्यांत बसलेलें नसतें. तें एकटें असतें, दुरून वाचलें जातें आणि घाईनें वाचलें जातें. त्र्यंबकेश्वरास जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं शिळाप्रेसचा धंदा सोडून १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला व लगेच आपलें चित्रपटाचें बिऱ्हाड नाशकास हलविलें. त्या मूकपटांत पडद्यावर मजकुराची पाटी येई ती थोडे क्षण थांबे आणि जाई. तेवढ्यांत ज्याला वाचतां आलें त्याला कथा कळली, इतरांना शेजाऱ्याला विचारावें लागलें. आजची रस्त्यावरची पाटी त्या पडद्यासारखीच आहे. गांवाचें नांव, माणसाचें आडनांव, औषधाचें नांव यांना संदर्भ असा नसतोच. तेथें अक्षर हाच एकमेव साक्षीदार, आणि तो संदिग्ध बोलला तर दाद मागावयास दुसरी जागा नाहीं.

शिवाय या प्रश्नाला वाचनसौकर्याहून खोल एक बाजू आहे. रोमन टाईपांत तूट शोभते, कारण प्रथम ती गरजेची होती आणि तिनें त्या अक्षरांचीं हाडें कोठें आहेत हें शोधून काढलें होतें. शोभा मागाहून आली. आपण केवळ ती शोभा उसनी घेतली आणि हाडें शोधण्याचें काम टाळलें, तर उरतें तें नकलेचें अक्षर. देवनागरीला तोडूं नये असें माझें म्हणणें नाहीं. ती दगडांत खोदली गेली, तांब्यांत ठोकली गेली, शिशांत तीन तुकड्यांनीं ओतली गेली. एवढें सोसून ती शाबूत राहिली. परंतु प्रत्येक वेळीं तिला तोडणाऱ्या कारागिराला तिचे सांधे ठाऊक होते.

पांडवलेण्यांतील टांकीच्या खुणा पहाव्या, भांडीबाजारांत एखाद्या जुन्या घागरीवरचें ठिपक्यांचें नांव बोटानें चांचपून पहावें, आणि मग घरीं येऊन पोस्टकार्डांतून ‘म’ कापावयास बसावें. शिरोरेघेकडे वळलेला चाकू क्षणभर थांबवून ‘येथें नको’ असें हाताला वाटलें, म्हणजे लिपीचा अर्धा इतिहास समजला असें म्हणावयास हरकत नाहीं.